जुन्या ऑफरोड गाडीचं सस्पेन्शन आणि ॲक्सल बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेगळी, मजबूत चासी (सांगाडा), पुढे-मागे अखंड ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध आस) आणि बहुधा चारही चाकांवर पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग), अशा बांधणीच्या जुन्या फोर बाय फोर गाड्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. जुनी जीप, लँड रोव्हर, लँड क्रूझर, हायलक्स, छोटी सुझुकी ही सगळी त्याच घराण्यातली. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असेल, तर त्यासाठी खाली एक वेगळा प्रश्न आहे.

सुरुवात कुठून करायची?

टायरपासून. लगेच विकत घेऊ नका, पण कोणत्या व्यासाचा टायर चालवायचा हे कागदावर पक्कं करा. गाडी किती उचलायची, क्राउन-पिनियनचं (ॲक्सलमधल्या मोठ्या आणि लहान गिअरचं) गुणोत्तर किती हवं, हाफ शाफ्ट (चाक फिरवणारे ॲक्सलमधले दांडे) टिकतील का, ब्रेक पुरतील का, स्टिअरिंग बॉक्सवर किती ताण येईल, या सगळ्यांची उत्तरं त्या एका आकड्यातून निघतात. बहुतेक जण उलट्या बाजूने जातात. आधी गाडी उंच करणारं लिफ्ट किट येतं, मग चाकाच्या कमानीत जागा दिसते म्हणून मोठे टायर येतात, मग इंजिन ओढत नाही म्हणून गुणोत्तर बदलतं, आणि शेवटी शाफ्ट तुटला की ॲक्सल. त्यात अर्धी कामं दोनदा होतात.

आकार ठरला की आधी गाडी जशी आहे तशी तपासा. चासीला गंज किती, शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याच्या) ब्रॅकेटभोवती आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांजवळ तडे आहेत का, हे माती-ग्रीस खरवडून बघा. स्टिअरिंग बॉक्सजवळची चासी हा जुन्या गाड्यांचा हमखास नाजूक भाग. तिथे केसाएवढा तडा असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो दुरुस्त करायचा.

गाडी उचलली की खालची मोकळी जागा वाढते ना?

चासीखालची वाढते, ॲक्सलखालची नाही. अखंड ॲक्सलच्या गाडीत दगडाला सगळ्यात आधी लागतो तो डिफरन्शियलचा (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाचा) गोळा, आणि तो चाकाच्या मध्याशी बांधलेला असतो. सस्पेन्शन ६ इंच उचललं तरी तो तसूभरही वर जात नाही. त्याला वर नेतो फक्त टायर, तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्याने. २९ इंचांऐवजी ३३ इंचांचे टायर लावले, तर डिफरन्शियलखाली २ इंच मिळतात.

लिफ्टचा उपयोग वेगळा आहे. मोठ्या टायरला हलायला जागा मिळते, चढावर चढताना पुढचा बंपर आणि उतरताना मागचा कमी घासतो, आणि उंचवट्यावरून जाताना पोट टेकत नाही.

मग किती इंच पुरे?

माझं मत विचाराल तर २ ते ३ इंच, आणि टायर तरीही घासत असेल तर चाकाची कमान कापा. पत्रा कापायला जीव होत नाही हे खरं, पण प्रत्येक जास्तीच्या इंचाची किंमत प्रोपेलर शाफ्टचा (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा) कोन, कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकाव), स्टिअरिंगची भूमिती आणि ब्रेकचे होज या सगळ्यांना मोजावी लागते. पत्रा कापल्याने यातलं काहीही बिघडत नाही.

शिवाय गाडी कलंडण्याचा प्रश्न आहे. दोन चाकांमधलं अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिमी असेल, तर गाडी एका ठोकळ्यासारखी धरली असता साधारण ४७ अंशांच्या आडव्या उतारावर ती उलटण्याच्या टोकाशी येते. गुरुत्वमध्य ७५ मिमी वर गेला की तोच आकडा ४४ अंश होतो. प्रत्यक्षात स्प्रिंग आणि टायर खालच्या बाजूला दबतात, छतावर सामान असतं, आणि उलटण्याचा कोन याहून बराच कमी निघतो. टायर मोठे झाल्यानेही गुरुत्वमध्य वर जातो, तो वेगळा मोजायचा.

पाटे दबून सपाट झाले आहेत. एक पाटा वाढवू की नवा संच घेऊ?

जाड पाटा वाढवला की गाडी उचलते आणि खडखडाटही तेवढाच वाढतो. कारण पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाने वाढतो आणि लांबीच्या घनाने कमी होतो. ८ मिमीचा एक पाटा आणि ४ मिमीचे दोन पाटे एकावर एक ठेवले तर उंची सारखीच, पण दोन पातळ पाट्यांचा कडकपणा एकाच्या चौथ्या हिश्शाएवढा. म्हणून ऑफरोडसाठी चांगल्या संचात पातळ पाटे जास्त आणि जाड पाटे कमी असतात. पॅराबोलिक पाटे आणखी वेगळे: मध्ये जाड, टोकांकडे निमुळते होत गेलेले, संख्येने दोन-तीनच आणि एकमेकांना जवळपास न घासणारे. त्यांचं चालणं मऊ, पण घर्षणाचा आधार नसल्यामुळे शॉकॲब्सॉर्बर चांगला नसेल तर गाडी डुलत राहते.

जुन्याच पाट्यांना पुन्हा कमान द्यायची असेल तर एक गोष्ट विचारून घ्या. थंडपणी ठोकून वाकवलेला पाटा थोड्या दिवसांत पुन्हा दबून सपाट होतो. काम नीट व्हायचं तर पाटा तापवून, आकार देऊन त्याला पुन्हा पाणी देऊन कडक करावं लागतं. तडा गेलेला किंवा गंजाने खड्डे पडलेला पाटा मात्र सरळ भंगारात.

यू-बोल्ट (ॲक्सल पाट्यांशी बांधणारे) नेहमी नवे घ्या. एकदा ताणून बसवलेल्या यू-बोल्टचे आटे पहिल्यासारखे पकडत नाहीत. सेंटर बोल्टही (पाट्यांच्या थप्पीतून जाणारा) बदला. यू-बोल्ट ढिले राहिले की सगळा भार त्याच्यावर येऊन तो कापला जातो आणि ॲक्सल तिरका सरकतो. बुशचा (सांध्यातल्या लवचीक नळीचा) प्रश्न बराच चर्चिला जातो. पॉलियुरेथेन बुश टिकतात, पण पाट्याच्या डोळ्याला (टोकाच्या कडीला) पिळायला रबर जास्त मोकळीक देतं. खडकाळ वाटेवर चाक खाली-वर जावं अशी अपेक्षा असेल तर मी रबरच निवडेन.

लांब शॅकल लावले की स्वस्तात काम होत नाही का?

होतं, पण अर्धंच. शॅकल २ इंचांनी लांब केला की गाडी साधारण १ इंच वर जाते. आणि फुकट काही मिळत नाही. पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असेल, तर लांब शॅकलने ॲक्सल असा फिरतो की कॅस्टर कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भटकायला लागते. शॅकल मागच्या टोकाला असेल तर उलट: कॅस्टर वाढतो, पण पिनियनचं तोंड खाली झुकतं आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. शिवाय लांब शॅकल आडवा डुलतो, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये आडवी जोड हवीच. इंचभर उंची सावरण्यासाठी ठीक, लिफ्टचा मार्ग म्हणून नाही.

पाटे ॲक्सलच्या वर घेतले तर?

मुळात पाटे ॲक्सलच्या खाली असतील, तर ते वर नेल्याने ॲक्सलच्या नळीचा व्यास आणि पाट्यांच्या थप्पीची जाडी मिळून एकदम ५-६ इंच उंची मिळते. पाटे तेच राहतात, म्हणजे मूळचा मऊपणाही राहतो. छोट्या सुझुकी आणि जुन्या जीपवर हा प्रकार अनेक वर्षांपासून होत आला आहे आणि नीट केला तर फार छान चालतो. घोळ होतो तो अर्धवट केल्यावर.

पहिली अडचण पाट्यांच्या पिळाची. ॲक्सल आता पाट्याच्या खाली लटकतो, त्यामुळे टॉर्क (फिरवण्याचा जोर) आला की त्याला पाटे एसच्या आकारात वाकवायला जास्त तरफ मिळते. पिनियन वर उचललं जातं, चाक पकड सोडतं, पाटे उसळून परत येतात, पुन्हा पकड, पुन्हा उसळी. या थडथडीत प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे वळते सांधे) आणि हाफ शाफ्ट तुटतात. उपाय म्हणजे ॲक्सलपासून चासीपर्यंत जाणारा टॉर्क आर्म, ज्याचं चासीकडचं टोक शॅकलवर असायला हवं. दोन्ही टोकं घट्ट बांधलेला आर्म पाट्यांशी भांडतो आणि शेवटी स्वतःचीच ब्रॅकेट फाडतो.

दुसरी अडचण स्टिअरिंगची. चासी वर गेली, ॲक्सलवरचा आर्म खालीच राहिला, त्यामुळे ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरकी होते. तिच्यासाठी नकलच्या (चाकासोबत वळणाऱ्या भागाच्या) वरच्या बाजूला उंच आर्म बसवावे लागतात. लांब पिटमन आर्मने (स्टिअरिंग बॉक्सच्या शाफ्टवरच्या आर्मने) निभावून नेणारे असतात, पण त्याने स्टिअरिंग बॉक्सच्या शाफ्टवरची तरफ वाढते, आणि तिथली चासी तशीही नाजूक.

तिसरी गोष्ट: पाट्यांची नवी बैठक ॲक्सलवर वेल्ड करताना कोन आधी पक्का करा. गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून, बैठक नुसती टाचून, प्रोपेलर शाफ्ट लावून, कोन मोजून मगच पूर्ण वेल्ड.

पाटे काढून कॉइल स्प्रिंग घालावेत का?

अखंड ॲक्सल आणि कॉइल यांचं चांगलं जमतं. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरमध्येच ते होतं. पण पाटा एकाच वेळी दोन कामं करतो: भार पेलतो आणि ॲक्सलला जागेवर धरतो. कॉइल फक्त भार पेलतो. ॲक्सल धरायला आर्म, पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा), त्यांच्या ब्रॅकेट, चासीवर नवे वेल्ड हे सगळं आलं. भूमितीचा हिशेब करता येत असेल आणि वेल्डिंगवर भरवसा असेल तरच यात पडा. दगडधोंड्यांच्या साध्या वाटांसाठी चांगले पाटे पुरेसे असतात, असं मला वाटतं.

शॉकॲब्सॉर्बर कोणत्या लांबीचे घ्यायचे?

लिफ्ट किती आहे ते बघून नव्हे, मोजून. गाडी घोडीवर (आधाराच्या स्टँडवर) ठेवा, एक चाक जॅकने बंप स्टॉपला (वरची हालचाल थांबवणाऱ्या ठोकळ्याला) टेकेपर्यंत वर न्या आणि शॉकच्या दोन माउंटमधलं अंतर मोजा. मग चाक पूर्ण खाली लोंबकळू द्या आणि परत मोजा. शॉकची पूर्ण दाबलेली लांबी पहिल्या मापापेक्षा थोडी कमी हवी, पूर्ण ताणलेली लांबी दुसऱ्यापेक्षा थोडी जास्त. दबताना गाडी बंप स्टॉपवर थांबली पाहिजे, शॉकवर नाही. शॉकवर थांबली की पिस्टन तळाला आपटतो आणि शॉक किंवा माउंट यांतलं एक जातं. दोन्ही मापांत बसणारा शॉक मिळत नसेल तर बंप स्टॉप उंच करा किंवा माउंट हलवा.

शॉक जितका तिरका, तितका निकामी. ४५ अंशांवर झुकवलेला शॉक उभ्या शॉकच्या साधारण निम्माच आवर घालतो, कारण त्याची हालचालही कमी होते आणि त्याच्या जोराचा उभा हिस्साही. मोनोट्यूब (एका नळीचा) की ट्विन ट्यूब (दोन नळ्यांचा) शॉक? खडबडीत रस्त्यावर वेगाने तासन्‌तास चालवणार असाल तर मोनोट्यूब, कारण त्यातलं तेल लवकर थंड होतं आणि फेसाळत नाही. खडकांवर सावकाश चढणाऱ्या गाडीला ट्विन ट्यूब पुरतो आणि बाहेरून दगड लागून पोचा पडला तरी तो बऱ्याचदा चालत राहतो.

लिफ्टनंतर ठरावीक वेगाला खालून थरथर येते. का?

प्रोपेलर शाफ्टचे कोन. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असलेल्या साध्या शाफ्टमध्ये ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा) बाहेर येणारा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर असावे लागतात. क्रॉस तिरका फिरताना वेग किंचित कमी-जास्त करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले की एकाची चूक दुसरा खोडतो. शाफ्टचे दोन्ही योक (क्रॉस धरणारी टोकं) एकाच रेषेत बसवलेले आहेत का, तेही बघा. सरकता भाग काढून परत बसवताना एक दाता चुकला तरी ही थरथर येते.

कोन फारच मोठे झाले तर ट्रान्सफर केसच्या बाजूला डबल कार्डन (दोन क्रॉसचा) जॉइंट लावतात. मग नियम बदलतो: पिनियनचं तोंड थेट त्या जॉइंटकडे हवं, १-२ अंश खाली ठेवून, कारण भाराखाली ते वर उचललं जातं. कोन बदलायला पाटा आणि बैठक यांच्यामध्ये पाचर घालतात. ती लोखंडी घ्या. ॲल्युमिनियमची पाचर दबून फुटते.

पुढच्या ॲक्सलला मात्र पाचर घालताना जपून. तिथे पिनियन आणि किंगपिन (ज्याभोवती चाक वळतं तो खुंट) एकाच तुकड्याचे भाग आहेत. पिनियन १ अंशाने वर केलं की कॅस्टर १ अंशाने घटतो. मोठ्या टायरच्या गाडीला सरळ चालायला साधारण ४ ते ७ अंश कॅस्टर बरा पडतो. दोन्हींचा मेळ बसत नसेल, तर ॲक्सलच्या टोकांचं वेल्ड कापून नकल फिरवून पुन्हा वेल्ड करणं हाच खरा उपाय आहे. दोघांपैकी एकाचाच बळी द्यायचा तर कॅस्टर वाचवा. पुढचा प्रोपेलर शाफ्ट फ्री व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवणारे हब) असलेल्या गाडीत रस्त्यावर फिरतच नाही. थरथरला तर खडकांवर हळू चालताना थरथरेल.

पुढची चाकं अचानक थयथयाट करतात. स्टिअरिंग डॅम्पर लावू?

डॅम्परने आजार झाकला जातो. आधी एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवावं आणि दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांधा बघावा: टाय रॉडची टोकं, ड्रॅग लिंक, किंगपिन किंवा बॉल जॉइंट, चाकाचे बेअरिंग, पाट्यांचे बुश, पॅनहार्ड रॉड असेल तर त्याचे बोल्ट. त्यानंतर टायरचं बॅलन्सिंग आणि कॅस्टर. बहुतेक वेळा दोन-तीन सांध्यांची थोडी-थोडी झीज एकत्र येऊन हा प्रकार होतो, म्हणून एकच भाग बदलल्यावर तो थांबत नाही.

पॅनहार्ड रॉड असलेल्या गाडीत ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समांतर आणि शक्यतो सारख्या लांबीचे ठेवा. नाहीतर चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग आपोआप फिरतं.

क्राउन-पिनियनचं गुणोत्तर किती निवडायचं?

जुन्या गुणोत्तराला नव्या टायरच्या व्यासाने गुणा आणि जुन्या व्यासाने भागा. ४.१० चं गुणोत्तर, २९ चे टायर काढून ३३ चे लावले, तर उत्तर ४.६७. बाजारात मिळतात ४.५६ आणि ४.८८. ऑफरोड गाडीला मी ४.८८ घेईन, कारण मोठा टायर जडही असतो आणि वाऱ्याला उंच गाडी जास्त अडते. गाडी मुख्यतः महामार्गावर पळणार असेल तर ४.५६.

गुणोत्तर वाढतं तसे पिनियनचे दाते कमी होतात: ४.१० म्हणजे ४१ भागिले १०, ४.८८ म्हणजे ३९ भागिले ८. पिनियन बारीक आणि थोडं कमजोर होतं. छोट्या ॲक्सलमध्ये ५ च्या वर जाण्यापेक्षा ट्रान्सफर केसचा लो रेंज (हळू पण जोरदार गिअर) आणखी खालचा करून घेणं बरं. काही ॲक्सलमध्ये ठरावीक गुणोत्तराच्या पुढे कॅरिअरही (क्राउन ज्यावर बसतं तो भाग) वेगळा लागतो, म्हणून लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफरन्शियल) विकत घेण्याआधी गुणोत्तर ठरवा.

पुढचं आणि मागचं गुणोत्तर सारखंच हवं. मधला डिफरन्शियल नसलेल्या गाडीत ते वेगळं असेल, तर फोर व्हीलमध्ये टाकताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केसचा जीव जातो. गुणोत्तर तसंच ठेवून फक्त टायर बदलले तरी वेगमापक खोटं बोलतो: वरच्या उदाहरणात काटा ७० दाखवेल तेव्हा गाडी ८० च्या आसपास असेल.

लॉकर कोणता?

मागे स्वयंचलित लॉकर स्वस्त आणि निगराणी कमी, पण रस्त्यावर वळताना खटखट करतो आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी हलवू शकतो. हवेवर किंवा विजेवर चालणारा, बटणाने लावायचा लॉकर हा पुढच्या ॲक्सलसाठी जवळपास एकमेव शहाणा पर्याय आहे, कारण पुढचा लॉकर लागलेला असताना स्टिअरिंग वळता वळत नाही. एकच घ्यायचा असेल तर मागे घ्या. चढावर भार मागेच जातो. लिमिटेड स्लिप (घसरणं अंशतःच रोखणारं) डिफरन्शियल चिखलात मदत करतं, पण एक चाक हवेत गेलं की बहुतेक प्रकारांचा नाइलाज होतो.

हाफ शाफ्ट का तुटतात?

हिशेब करून बघा. इंजिन २०० न्यूटन मीटर देतं, पहिला गिअर ४, लो रेंज २.५, क्राउन-पिनियन ४.१. गुणाकार ८२०० न्यूटन मीटर. एवढा टॉर्क शाफ्टपर्यंत सहसा पोहोचत नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. चाकावर ७०० किलो भार, घर्षण ०.८, टायरची त्रिज्या ०.४२ मीटर धरली तर साधारण २३०० न्यूटन मीटरला चाक घसरायला लागतं, आणि हे घसरणंच शाफ्टला वाचवतं. टायर दोन दगडांच्या फटीत अडकला की ही सुटका बंद होते. हवेत फिरणारं चाक एकदम जमिनीवर आपटलं की झटका आणखी मोठा. मोठा टायर त्रिज्या वाढवतो, लॉकर सगळा टॉर्क पकड असलेल्या एका चाकाकडे पाठवतो. त्यामुळे मोठे टायर आणि लॉकर एकत्र आले की शाफ्टचा विचार टाळता येत नाही.

शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. १.३१ इंचांचा ३० स्प्लाइनचा (टोकावरच्या खाचांचा) शाफ्ट काढून १.५ इंचांचा ३५ स्प्लाइनचा घातला, तर त्याच धातूत दीडपट ताकद मिळते. व्यास वाढवायला जागा नसेल तर क्रोमोली पोलादाचे शाफ्ट हा मधला मार्ग. पुढच्या ॲक्सलमध्ये चाकाजवळचा जॉइंट सगळ्यात नाजूक, मग तो क्रॉस असो वा बर्फील्ड (गोळ्यांचा सांधा). स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबणं ही तो तोडण्याची खात्रीची पद्धत. गाडी अडली की स्टिअरिंग सरळ करा, मागे घ्या, दुसरी वाट शोधा. याला पैसे लागत नाहीत.

आख्खा ॲक्सलच बदलायचा तर?

डाना या कंपनीच्या ॲक्सलची तुलना क्राउनच्या व्यासावरून करतात: डाना ३० चं क्राउन साधारण ७.१ इंच, डाना ४४ चं ८.५, डाना ६० चं ९.७५. ३३ ते ३५ इंचांच्या टायरना डाना ४४ च्या दर्जाचा ॲक्सल सहसा पुरतो. ३७ च्या पुढे आणि वजनदार गाडीला डाना ६० चा विचार होतो. पण डाना ६० जड आहे, आणि ते वजन स्प्रिंगच्या खाली येतं, म्हणजे प्रत्येक खड्ड्यात शॉकला जास्त जड वस्तू आवरावी लागते. शिवाय त्याचा गोळा मोठा असल्यामुळे ३३ च्या टायरवर तो आधीच्यापेक्षा खाली लोंबतो. गरजेपेक्षा मोठा ॲक्सल हा तोटाच.

१९५७ ते १९८६ या काळात बनलेला फोर्डचा ९ इंची ॲक्सल मागच्या बाजूसाठी आवडीचा आहे. त्याचा गिअरसंच पुढून अख्खा बाहेर येतो, त्यामुळे दुरुस्ती सोपी. त्याचं पिनियन मात्र बरंच खाली असतं, म्हणून आखूड गाडीत प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. १९७६ ते १९८६ च्या जीप सीजेमधल्या एएमसी २० या मागच्या ॲक्सलचं क्राउन चांगलं मोठं आहे, दुखणं वेगळंच: हब आणि शाफ्ट वेगवेगळे आणि चावीवर (खाचेतल्या लोखंडी तुकड्यावर) बसवलेले. तिथे अख्खा ॲक्सल न बदलता एकसंध शाफ्ट घातले तरी बरंच काम होतं.

पुढच्या ॲक्सलसाठी पिनियन उंचावर असलेला प्रकार मिळाला तर घ्या. साधं, खाली पिनियन असलेलं क्राउन पुढे लावलं की ते दात्यांच्या मागच्या, कमजोर बाजूवर चालतं. उंच पिनियनच्या गिअरचे दाते उलटे कापलेले असतात, म्हणून ते पुढे जाताना मजबूत बाजूवर चालतं, आणि प्रोपेलर शाफ्टही दगडांपासून वर राहतो.

ॲक्सल विकत घेण्याआधी टेप घेऊन जा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी, पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर, डिफरन्शियल कोणत्या बाजूला आहे (ट्रान्सफर केसचा पुढचा शाफ्ट ज्या बाजूला, त्याच बाजूला हवं), चाकाचे बोल्ट. ५ बोल्ट आणि ६ बोल्ट दोन्हींचं वर्तुळ १३९.७ मिमी असू शकतं, म्हणून नुसता व्यास ऐकून चाकं घेऊ नका.

फुल फ्लोटिंग ॲक्सलचा फायदा काय?

सेमी फ्लोटिंगमध्ये हाफ शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला की चाकच निघून जाऊ शकतं. फुल फ्लोटिंगमध्ये वजन हब आणि त्याचे दोन बेअरिंग पेलतात. शाफ्ट तुटला तर तुकडे बाहेर ओढा आणि पुढच्या ॲक्सलवर गाडी हळू घरी न्या. दूरच्या, एकट्या वाटांवर जाणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

ब्रेकचं काय?

२९ चा टायर ३३ झाला की तेवढंच थांबायला ब्रेकला सुमारे १४ टक्के जास्त टॉर्क द्यावा लागतो, टायरचं वाढलेलं वजन वेगळं. पुढे ड्रम असतील तर डिस्क करणं ही या सगळ्या कामातली सगळ्यात शहाणपणाची गुंतवणूक. मागे डिस्क करताना दोन गोष्टी राहून जातात. ड्रमच्या लाइनमध्ये साधारण १० पीएसआयचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व असतो. तो तसाच राहिला तर डिस्क कायम घासत राहते. आणि कॅलिपरला जास्त तेल लागतं, म्हणून मास्टर सिलिंडर पुरेसा आहे का ते बघावं लागतं. फार मोठा घेतला तर पॅडल दगडासारखं होतं. हँडब्रेकची सोय विसरू नका.

ब्रेकचे होज चाक पूर्ण खाली लोंबत असताना आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासा. ताणलेला होज रस्त्यावर नाही, खडकावर तुटतो, आणि तिथेच ब्रेकची गरज जास्त असते.

पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन काढून अखंड ॲक्सल घालू का?

खडकांवर चढणं हाच मुख्य छंद असेल तर विचार करा. नाहीतर नको. टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा) पिळून गाडी उचलायचा मोह मात्र आवरा: बार जास्त कडक होत नाही, पण चाक खाली जायची जागा संपते आणि सीव्ही जॉइंट (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे) कायम तिरके चालतात.

घरच्या घरी काय जमेल?

पाटे, शॉक, बुश, यू-बोल्ट, होज ही कामं हत्यारं आणि धीर असलेल्याला जमतात. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. चासीखाली घोडी हवीच.

क्राउन-पिनियन बसवणं हे वेगळ्या दर्जाचं काम आहे. पिनियनची खोली, बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब), आणि क्राउन-पिनियनमधली मोकळीक, जी बहुतेक ॲक्सलमध्ये ०.१५ ते ०.२५ मिमीच्या आसपास लागते, हे सगळं शिम (पातळ चकत्या) बदलून, दात्यांवर रंग लावून, उमटलेला ठसा वाचून जमवावं लागतं. ठसा दात्याच्या मध्यावर हवा. डायल गेज नसेल तर या वाटेला जाऊ नका. ॲक्सलच्या बीडाच्या गोळ्यावर वेल्डिंग करायचं असेल तर तो आधी तापवावा लागतो आणि हळू थंड होऊ द्यावा लागतो. घाईत केलेलं वेल्ड तिथेच तडकतं आणि नळ्याही वाकतात.

कायदा आणि विमा?

ठिकाणानुसार नियम वेगळे. गाडीची उंची, टायरचा आकार आणि ॲक्सल बदल यांना मंजुरी लागते का, हे भाग विकत घेण्याआधी नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

काम झालं. आता पहिल्या काही दिवसांत काय बघायचं?

यू-बोल्ट पहिल्या १०० किलोमीटरच्या आत परत कसा, नंतर पहिल्या खडकाळ फेरीनंतर पुन्हा. स्टिअरिंगचे सगळे नट आणि त्यांच्या पिना बघा. नवं क्राउन-पिनियन असेल तर पहिल्यांदा २०-३० किलोमीटर हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, हे दोन-तीनदा करा, आणि त्या काळात काही ओढू नका. साधारण ८०० किलोमीटरनंतर ॲक्सलचं ऑइल बदला. निघालेल्या ऑइलमध्ये बारीक राखाडी लुकण असणं स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर झाकण उघडून दाते बघा. ॲक्सलच्या श्वासनळीचा पाइप टायरच्या उंचीच्या वर नेला नसेल तर याच वेळी न्या, नाहीतर पहिल्याच ओढ्यात तापलेला ॲक्सल थंड होताना पाणी आत ओढेल.